आधी भरतीची वाट, मग रोपे

किनाऱ्यावरील उजाड झालेल्या पाणथळ जागा पुन्हा जिवंत करण्याविषयी सोलापूर जिल्ह्यातील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांमधून पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या वाचकांनी हा विषय एवढ्या आस्थेने विचारावा, याचे समाधान वाटते. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या बऱ्याच शंकांचे मूळ तेथेच आहे.

प्रश्न १. आमच्या शाळेच्या हरित सेनेतील मुलांना २६ जुलैच्या कांदळवन (मँग्रोव्ह) दिनाला रायगड जिल्ह्यात नेऊन रोपे लावण्याचा विचार आहे. तेथील एका नातेवाइकांच्या गावालगत खाजणाचा, म्हणजे भरतीचे पाणी येणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीचा, मोठा पट्टा उजाड पडला आहे. किती रोपे न्यावीत, कोणत्या जातीची न्यावीत आणि त्यांपैकी किती जगतील?
— एक शिक्षिका, सोलापूर शहर

उत्तर : मुलांना खाडी दाखवण्याचा आपला विचार उत्तम आहे आणि तो सोडू नये. मात्र रोपांची संख्या ठरवण्यापूर्वी तो पट्टा उजाड का पडला, याचा शोध घ्यावा लागेल. तिवर, कांदळ, चिप्पी या कांदळवनातील झाडांचे बियाणे भरतीच्या पाण्याबरोबर खाडीभर फिरत असते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखे लांब रोप होऊनच खाली पडते. जवळपास चांगले कांदळवन असेल, जमिनीची उंची योग्य असेल आणि पाणी वेळेवर येऊन वेळेवर उतरत असेल, तर ही झाडे माणसाने न लावताही उगवतात. एखादा पट्टा खाडीला लागून असूनही वर्षानुवर्षे रिकामा राहत असेल, तर तेथे बहुधा बियाण्याची उणीव नसते, दुसरेच काहीतरी अडलेले असते. आणि जे बियांना रुजू देत नाही, ते रोपवाटिकेतून नेलेल्या रोपांनाही जगू देणार नाही.

अडलेले असते ते बहुतेक ठिकाणी पाणी. कांदळवनाची झाडे खाऱ्या पाण्यात वाढतात, तेव्हा ती कायम पाण्यात उभी राहू शकत असतील, असे अनेकांना वाटते. तसे नाही. तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे ओहोटीच्या वेळी हवा घेतात. ती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली तर झाड गुदमरून मरते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कांदळवनांच्या पुनरुज्जीवनाचे काम अनेक वर्षे केलेले परिसरशास्त्रज्ञ रॉबिन लुईस यांनी मांडलेला ढोबळ निकष असा, की ही जमीन एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्के किंवा त्याहून कमी काळ पाण्याखाली असावी. समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाचे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे, पाणी जेथवर चढते तेथपर्यंतची पट्टी ही या झाडांची जागा. त्याखालचे चिखलाण, म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन, त्यांना मानवत नाही आणि भराव घालून त्याहून उंच केलेली जमीनही मानवत नाही. फिलिपीन्समध्ये गेल्या काही दशकांत लावलेली रोपे फार मोठ्या प्रमाणावर मेली, त्याचे मुख्य कारण हेच होते. झाडांची खरी जागा मत्स्यतळ्यांनी व्यापली होती. मग रोपे खालच्या उघड्या चिखलाणात लावली गेली, कारण त्या जागेवर कोणाचा हक्क नव्हता आणि तेथे लावणे सोपे होते.

रायगडच्या खाजणांत पाणी अडण्याची कारणे साधारणपणे ओळखीची आहेत. भातशेतीसाठी घातलेले जुने खार बांध आणि त्यांतील उघाड्या, म्हणजे ओहोटीला उघडणारी व भरतीला मिटणारी दारे, शेती सुटली की दुरुस्तीविना पडून राहतात. कोठे दार बंद अवस्थेत अडकते आणि आत पावसाचे पाणी साचते, तर कोठे बांध अर्धवट फुटून भरती आत शिरते, पण पूर्ण उतरत नाही. नव्या रस्त्याचा भराव खाडीच्या फाट्यावर येतो आणि त्याखाली एखादीच अरुंद मोरी ठेवली जाते. सोडून दिलेली मिठागरे व कोळंबीची तळी बांधांनी कप्पे पाडलेल्या अवस्थेत तशीच राहतात. शहरांच्या जवळ तर राडारोडा टाकून जमिनीची उंचीच बदललेली असते.

तमिळनाडूतील पिचावरम येथे ही गोष्ट फार बारकाईने अभ्यासली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सत्तरच्या दशकापर्यंत तेथे ठरावीक तुकड्यांत कांदळवनाची सरसकट तोड होत असे. उघडी पडलेली चिखलजमीन उन्हाने वाळली, खचली आणि मध्ये खोलगट झाली. उधाणाचे पाणी त्या खोलगटात शिरत असे, पण त्याला बाहेर पडायला वाट नसे; उन्हाळ्यात ते आटून जमिनीतील क्षार इतके वाढत, की बी रुजणे अशक्य होई. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वन विभाग आणि गावकरी यांच्यासह तेथे नैसर्गिक खाडीला जोडणारे मुख्य चर आणि त्यांना दोन्ही बाजूंनी तिरके मिळणारे उपचर खोदले. नकाशावर ही रचना माशाच्या काट्यासारखी दिसते आणि त्याच नावाने ती ओळखली जाते. भरती आतपर्यंत पोहोचून ओहोटीला उतरू लागली, क्षार धुऊन निघाले आणि मग चरांच्या काठी लावलेले तिवर जगले. आपल्याकडच्या बागायती पट्ट्यातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. उसाला पाणी देऊन चोपण झालेली काळी जमीन नुसते जिप्सम टाकून सुधारत नाही. आधी चर काढून साचलेल्या पाण्याला वाट द्यावी लागते, मगच बाकीचे उपाय लागू पडतात.

पाण्याच्या वाटेचे महत्त्व याहून मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर ओडिशातील चिलिका सरोवराकडे पाहावे. गाळाने समुद्राकडचे मुख बुजत गेल्यामुळे त्याचा खारेपणा घटला, गोड्या पाण्यातील तणे पसरली, मासळी घटली आणि १९९३ मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराखालील धोक्यातील स्थळांच्या नोंदीत त्याचे नाव गेले. सप्टेंबर २००० मध्ये तेथे समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले, त्यामुळे पाण्याचा समुद्रापर्यंतचा मार्ग सुमारे १८ किलोमीटरने कमी झाला. दोन हजार टनांच्या आत घसरलेली वर्षाची मासळी दोन-तीन वर्षांत दहा हजार टनांच्या पुढे गेली, तणांचा पसारा आटला आणि २००२ मध्ये सरोवराचे नाव त्या नोंदीतून वगळण्यात आले. हे घडवून आणण्यासाठी झाडे लावावी लागली नाहीत.

तेव्हा आपल्या नातेवाइकांच्या गावी क्रम असा ठेवावा. शेजारच्या चांगल्या कांदळवनातील जमिनीची उंची आणि उजाड पट्ट्यातील उंची यांची तुलना करून घ्यावी. जुने फाटे कोठून वाहत होते, हे गावातील वयस्क कोळी आणि आगरी मंडळींना विचारावे; निवट्या, खेकडे आणि जिताडा कोठे मिळत असत, हे सांगताना ते पाण्याच्या वाटाच सांगत असतात. त्यानंतर जुन्या फाट्याच्या जागीच बांधाला तोंड करावे, गरज असेल तेथे मोऱ्या वाढवाव्यात, राडारोडा मूळ पातळीपर्यंत काढावा आणि एक-दोन हंगाम वाट पाहावी. एवढे करूनही बियाणे येत नसेल तरच रोपे लावावीत, तीही त्याच खाडीतील बियाण्याची. कोकणात तिवर हे सर्वांत काटक झाड असल्यामुळे बहुधा त्याचीच निवड करावी लागते.

एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये. बांधाला तोंड करणे हा एका मालकाचा निर्णय होऊ शकत नाही. बांधापलीकडे कोणाचे भातशेत असेल, कोणाची गोड्या पाण्याची विहीर असेल, तर आपण ज्याला पुनरुज्जीवन म्हणतो ते त्या कुटुंबाच्या दृष्टीने पीकबुडी ठरेल. शेजारच्या शेतांसाठी आतल्या बाजूला बांध भक्कम केल्याशिवाय आणि सर्वांची लेखी संमती मिळवल्याशिवाय या कामाला हात लावणे मला अन्यायाचे वाटते.

आता मुलांविषयी. २६ जुलैला, ऐन पावसात, खोल चिखलात मुलांना उतरवू नये. त्याऐवजी हिवाळ्यात, पौर्णिमेच्या सुमारास, त्यांना तेथे न्यावे आणि गावकऱ्यांच्या सोबतीने काठावरून भरती कोठपर्यंत चढते, कोठे अडते आणि ओहोटीला पाणी कोठे साचून राहते, याच्या खुणा करून नकाशा काढायला लावावा. असा नकाशा पुढे काम करणाऱ्यांना शेकडो रोपांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न २. दलदलीतून मिथेन बाहेर पडतो, असे आम्ही शिकलो. मग पाणथळ जागा वाढवल्याने हवामानाला फायदा होतो हे कसे, आणि तो फायदा नेमका किती मोठा आहे?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, बार्शी

उत्तर : शंका रास्त आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तीव्र हरितगृह वायू आहे, आणि गोड्या पाण्याच्या दलदलींतून तो बऱ्यापैकी बाहेर पडतो. खाऱ्या चिखलात मात्र परिस्थिती बदलते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते आणि त्यावर जगणारे जीवाणू चिखलातील अन्न मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या आधी संपवतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. साधारण त्याच्या निम्म्याहून, म्हणजे १८ ग्रॅमहून अधिक खारेपणा असलेल्या पाणथळ जागांतून मिथेन फार थोडा बाहेर पडतो, असे मोजमापांतून दिसून आले आहे. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. बांधाने भरती अडवली आणि आत पावसाचे गोडे पाणी साचत राहिले, तर तो पट्टा मिथेन सोडू लागतो. भरती पुन्हा आत घेतली की हे प्रमाण उतरते. म्हणजे वायूच्या दृष्टीनेही पहिला उपाय भरतीची वाट हाच आहे. पावसाळ्यात कोकणातील खाड्यांचे पाणी बरेच गोडसर होते आणि शहरांजवळ त्यात सांडपाणीही मिसळते, त्यामुळे तेथे हा फायदा वर्षभर सारखा मिळत नाही आणि प्रत्येक ठिकाणी तो मोजावाच लागतो.

कार्बनविषयी बोलायचे तर कांदळवनाचा मोठा साठा झाडांच्या खोडांत नसून पायाखालच्या चिखलात असतो. प्राणवायूविना पाने, मुळे आणि वाहून आलेला काडीकचरा फार हळू कुजतो आणि त्यावर गाळाचे नवे थर बसत जातात. असा चिखल कोरडा केला की शतकानुशतके साठलेला कार्बन हवेत जाऊ लागतो आणि जमीन खचते. त्याबरोबरच मातीतील लोह आणि गंधक यांचे खनिज हवेच्या संपर्कात येऊन त्यापासून आम्ल तयार होते, ज्यामुळे पीकही येत नाही आणि लगतच्या पाण्यातील मासेही मरतात. म्हणून शिल्लक असलेले खाजण न बिघडवणे हे बिघडलेले सुधारण्यापेक्षा नेहमीच अधिक मोलाचे असते.

फायद्याचा आकडा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. एक हेक्टर निरोगी कांदळवन वर्षाला साधारण दीड ते दोन टन कार्बन चिखलात पुरते, म्हणजे सुमारे सहा-सात टन कार्बन डायऑक्साइड. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. त्या साऱ्याचा ढोबळ हिशेब वर्षाला दोन लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास जातो. हजार मेगावॅटचे कोळशावरील एकच वीज केंद्र भरात चालले तर वर्षाला पन्नास लाख टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. कोळसा जाळत राहून त्याची भरपाई खाडीकाठच्या रोपांनी करता येईल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

हवामानाच्या दृष्टीने या जागांचे खरे महत्त्व मला दुसऱ्याच बाबीत दिसते. १९९९ च्या महावादळात ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांसमोर कांदळवनाची पट्टी अधिक रुंद होती, तेथे कमी माणसे मेली, हे पुढे संशोधनातून स्पष्ट झाले. शंभर मीटर रुंदीचे कांदळवन लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. ही तफावत झाडांच्या दाटीवर आणि पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. शिवाय गाळ आणि मुळे यांच्या साहाय्याने ही जमीन स्वतः वर चढत राहते, जे दगडी भिंतीला कधीही साधणार नाही. या चढण्यालाही मर्यादा आहे. समुद्राची पातळी वर्षाला सहा-सात मिलिमीटरहून वेगाने वाढली तर कांदळवन मागे पडते, असे हजारो वर्षांच्या गाळाच्या नोंदी सांगतात. सध्या जगातील सरासरी वाढ वर्षाला सुमारे चार मिलिमीटर आहे. म्हणून पुनरुज्जीवनाच्या आराखड्यात झाडांना जमिनीच्या दिशेने मागे सरकायला मोकळी जागा ठेवणे अत्यावश्यक आहे. पाठीशी रस्ता किंवा इमारत आली की ते जंगल दोन्हीकडून कोंडले जाते.

प्रश्न ३. उजनी धरणाच्या फुगवट्यावर दरवर्षी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. ठाण्याच्या खाडीत ते फार मोठ्या संख्येने असतात, असे वाचतो. खाडीत जितके कांदळवन वाढवू तितके रोहितही वाढतील, असे समजावे काय?
— एक पक्षीनिरीक्षक, करमाळा

उत्तर : असे समजू नये. उजनीवर रोहित कोठे उभे राहतात, हे आपण पाहिलेच असेल. पाणी उतरू लागले आणि काठावरचा उथळ चिखल उघडा पडला की ते तेथे येतात. दाट झाडीत ते कधी दिसत नाहीत. खाडीतही तसेच आहे. छोटा रोहित मुख्यतः पाण्यातील व चिखलावरील सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित त्याबरोबर लहान कवचधारी प्राणी आणि किडेही टिपतो, आणि दोघांनाही उघडे चिखलाण व उथळ पाणी लागते. चिखल्या, तुतवार, पाणटिवळे या स्थलांतरित पक्ष्यांचीही गरज तीच आहे. ठाणे खाडीत साचलेल्या गाळावर कांदळवन पुढे सरकत गेल्यामुळे हे उघडे चिखलाण काही भागांत आक्रसले आहे. २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या या खाडीतही चिखलाणात रोपे लावणे म्हणजे पक्ष्यांच्या ताटातले अन्न काढून घेणे होय.

भरती चढली की चिखलाण बुडते. त्या काही तासांत हे पक्षी लगतच्या उथळ तळ्यांत आणि मिठागरांत विसावा घेतात. नकाशावर अशी तळी खाडीपासून वेगळी दिसतात, त्यामुळे ती बुजवली गेली किंवा त्यांच्यात भरतीचे पाणी आणणारी वाट बंद पडली, तरी खाडीचे काही बिघडले असे कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात विसाव्याची जागा गेली की खाण्याची जागा असूनही पक्षी टिकत नाहीत.

म्हणून चांगल्या आराखड्यात खोल फाटा, उघडे चिखलाण, कांदळवन आणि उथळ तळे या चारही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या जातात. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागरात २००३ मध्ये सुमारे १५,१०० एकर मिठागरे सरकारने विकत घेतली, तेव्हा ती सर्व एकदम समुद्राला खुली केली गेली नाहीत. काही भरतीला मोकळी करण्यात आली आणि काही पाणपक्ष्यांसाठी उथळ तळी म्हणून मुद्दाम राखण्यात आली. कोणत्या जीवासाठी काय राखायचे, हे आधी ठरवले होते, म्हणून तो प्रकल्प मला अनुकरणीय वाटतो.

प्रश्न ४. माझ्या आजोळच्या वाट्यातील खाजणात बांध फुटल्यामुळे तिवर वाढले आहे. जमीन खाजगी असल्याने ते तोडून पुन्हा भात लावता येईल का? आणि न तोडल्यास तेथे पूर्ण जंगल व्हायला किती काळ लागेल?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : तोडता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी कांदळवनाची तोड करता येत नाही आणि त्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामालाही मनाई आहे. शेतकऱ्याला यात नुकसान सोसावे लागते, हे मान्य करायलाच हवे. आपण तहसील कार्यालयात आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षात लेखी अर्ज करून जागेची पाहणी मागावी. खेकडे, कालवे आणि मत्स्यपालन यांच्या उपजीविका योजना या कक्षामार्फत राबवल्या जातात. राहिला प्रश्न काळाचा. मासे आणि खेकडे काही हंगामांतच परततात, तिवराला बऱ्यापैकी उंची यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि चिखलातील कार्बनचा साठा जुन्या जंगलाइतका व्हायला अनेक दशके जावी लागतात.

प्रश्न ५. आम्ही दुष्काळी भागातील माणसे. किनाऱ्यावरच्या या कामाशी आमचा संबंध काय, आणि आमच्या तलावांना त्यातून काही घेता येईल का?
— एक शेतकरी, दक्षिण सोलापूर

उत्तर : आपल्या तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे सीना भीमेला मिळते. ते पाणी पुढे रायचूरच्या परिसरात कृष्णेला आणि कृष्णेतून आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला जाते. कृष्णेच्या मुखाशी मोठे कांदळवन आहे. कृष्णा अभयारण्य त्यातच येते आणि मासे पकडून खाणाऱ्या रानमांजराचे ते महत्त्वाचे आश्रयस्थान आहे. कोकणातील खाड्या सोलापूरला जवळच्या असल्या तरी सोलापूरचे पाणी त्या खाड्यांना मिळत नाही, ते या जंगलाला मिळते. पिचावरमचा चरांचा प्रयोग पुढे कृष्णा आणि गोदावरीच्या मुखांशीही करण्यात आला.

या जंगलाला दोन गोष्टी वरून याव्या लागतात, गोडे पाणी आणि गाळ. कृष्णेच्या खोऱ्यात धरणांची आणि सिंचनाची इतकी वाढ झाली, की समुद्राला पोहोचणारे पाणी काही दशकांत फार घटले आणि तीव्र दुष्काळाच्या वर्षांत ते जवळजवळ थांबले. गाळ तर धरणांतच बसतो. भीमेवरचे १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण या साखळीतील एक मोठा दुवा आहे. गाळ न मिळालेला त्रिभुज प्रदेश हळूहळू खचतो आणि समुद्र आत येतो. सोलापूरच्या शेतकऱ्याने पाणी वापरू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही; त्या पाण्यावर येथील घरे उभी आहेत. पण नदीत सोडले जाणारे सांडपाणी आणि उसाच्या शेतातून वाहून जाणारे जास्तीचे खत यांवर येथे आवर घालता येतो, आणि तो घातला तर खालच्या जंगलापूर्वी उजनीच्याच पाण्याला आराम मिळेल.

तलावांच्या बाबतीत किनाऱ्याची कृती जशीच्या तशी उचलता येणार नाही, कारण येथे भरती नाही. क्रम मात्र तोच ठेवावा : पाणी कोठून येते, कोठे अडते आणि त्यात काय मिसळते, याचा शोध आधी घ्यावा. शहरातील संभाजी तलावात जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर. ते पाणी वळवल्याशिवाय नुसती जलपर्णी काढली तर ती पुन्हा येणारच. सुशोभीकरणासाठी काठाला दगडी किंवा सिमेंटची उभी भिंत घातली की पाणी उतरताना उघडा पडणारा उतार नाहीसा होतो आणि त्याबरोबर चिखल्या, शेकाटे आणि रोहितही जातात. काठाच्या उथळ पट्ट्यात वृक्षारोपण करणेही टाळावे. आणखी एक गोष्ट ग्रामसभेत मांडण्याजोगी आहे. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. त्यामुळे उजनी काय किंवा ब्रिटिश काळातील हिप्परगा तलाव काय, अशा पाण्यांच्या काठाचे रक्षण त्या नियमांवर सोडून चालणार नाही. स्थानिक पातळीवर ठराव करून काठाचा किती पट्टा मोकळा ठेवायचा, हे लिहून घ्यावे लागेल.

ठराव मांडताना हाताशी नोंदी असाव्यात. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. तिच्यासाठी आपल्या तलावावरील पक्षी मोजावेत आणि त्याच कागदावर त्या दिवशीची पाण्याची पातळी व उघड्या काठाची रुंदीही लिहावी. काही वर्षांच्या अशा नोंदी असल्या, तर कोणत्या पातळीला किती पक्षी उतरतात हे पाटबंधारे खात्यासमोर पुराव्यानिशी मांडता येईल आणि हिवाळ्यातील पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाविषयी बोलणी करता येतील.